फुलसावंगीच्या तांड्यात मी गूळ खाल्ला

यवतमाळहून सकाळी निघाले तेव्हा मी भलतीच खुशीत होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा आराखडा मी पुण्यात बसून झकास केला होता: लग्नाच्या महिनाभर आधी मुलामुलीचं रक्त तपासायचं, मग सल्ला, सगळं तालुक्याला. आता फक्त लोकांचं मत विचारायचं. ते काय, ‘हो’च म्हणणार!

आर्णीला आमचे ड्रायव्हर रफिकभाईंनी गाडी थांबवली. आलूबोंड्यावर ओतलेल्या तर्रीने (तिखटजाळ रश्शाने) माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं.

"घ्या ना अजून म्याडम, हे तं लेकरायची तर्री हाय," रफिकभाई म्हणाले. पुढे दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी होती म्हणे. मला जिभेपलीकडे काही सुचत नव्हतं.

फुलसावंगीबाहेरच्या बंजारा तांड्यात शिरलो आणि मी हरखले. मांडव, सतरंज्या, आरशांचे घागरे घातलेल्या बायका! सरकारी बैठकीला एवढा थाट? मी मधोमध ऐसपैस बसले. समोर ताटात गूळ होता. उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतातच, म्हणून एक खडा तोंडात टाकला.

अख्ख्या मांडवाच्या माना माझ्याकडे वळल्या.

"म्याडम," रफिकभाई कुजबुजले, "हा थाट तुमच्यासाठी नाही. इथल्या एका पोरीची, ज्योतीची, सोयरीक हाय. तांडा जमणारच होता म्हून बैठक बी आजच ठेवली. इथं गोळ खाल्ला म्हंजे सोयरीक पक्की!"

"अन् पोराकडचे तं अजून आलेच नाही!" ज्योतीच्या बाने (वडिलांनी) कपाळाला हात लावला.

तेवढ्यात ज्योतीच घरातून बाहेर आली. "पक्की कशी? पोराचं रक्त तपासल्याबिगर मी हो म्हणत नाही!"

कॉलेजातल्या तपासणीत तिच्या रक्तात सिकलसेलचा अंश निघाला होता. धाकट्या भावाला तर पुरता आजार. दुखणं उठलं की पोरगं हातपाय धरून रडायचं. नवराही अंश असलेला निघाला, तर पोटी असंच लेकरू येण्याची भीती.

"विचारू कसा?" बा म्हणाला. "रक्तात खोट काढली म्हून उठून जातीन."

"लग्नाच्या महिनाभर आधी विचारलं तर?" मी चाचरत म्हटलं.

"तवा गोळ खाऊन झाला राह्यते. मंग रिपोर्ट काय चाटाचा हाय?" ज्योती म्हणाली. माझा आराखडा तिथेच आडवा झाला.

तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाने (प्रमुखाने) निवाडा दिला. "बाहेरच्यानं खाल्लेला गोळ गोळ नाही. पण बाईले दंड बसन. पाव्हण्यायले रक्ताचं तिनंच विचाराचं. आपण विचारलं तं अपमान. हे बाई तं आधीच येडी ठरली."

पाहुणे आले. मी विचारलं. मुलाचा काका ताडकन उठला. "आमच्यात काय खोट दिसली तुमाले?"

"मी सगळ्यांनाच विचारते हो!"

"मंग पह्यले तुमचं बोट द्या!"

तपासणीचं सामान घेऊन सोबत आलेल्या सिस्टरने माझ्या बोटाला सुई टोचली आणि मी अशी किंचाळले, की नवरा मुलगा खो-खो हसला. हसत हसत त्याने स्वतःच हात पुढे केला.

त्याच्या रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत पडला. गढूळ झालं तर अंश आहे, नितळ राहिलं तर नाही. सगळा मांडव नळीवर वाकला. ज्योतीने भावाचा हात घट्ट धरला होता.

"नितळ!" सिस्टर ओरडली. ज्योती भावाला मिठी मारून रडली. तिच्या बाने काकाच्याच गळ्यात गळा घातला.

निघताना ज्योती गाडीपाशी धावत आली. "म्याडम, पल्याडच्या तांड्यात माह्या मैत्रिणीची बोलणी चालू हायत. तिथं कधी येता?"

"मी कशाला?"

"आजच्यावानी येडी बनून विचाराले! तिचा बा बी विचारत नाही."

परतताना वाटेत तेच डोक्यात होतं. माझ्या आराखड्यात डॉक्टर होते, यंत्रं होती, गाड्या होत्या. जिचा अपमान झाला तरी कुणाचं बिघडत नाही, अशी बाहेरची बाई मात्र नव्हती. ती जागा आता भरली आहे.