उजेडाची हरकत

"मी खोटं फक्त कापडाशी बोलते," रफूवाली मावशी एकदा म्हणाली होती. फाटलेलं कधी फाटलंच नव्हतं असं भासवणं हा तिचा धंदा. त्यासाठी दोऱ्याचा रंग तंतोतंत जुळावा लागतो, आणि दिव्याखाली काळा नि गडद निळा सारखेच दिसतात. म्हणून ती दिवसभर खिडकीशी बसे. आता त्या खिडकीला खेटून नव्या वीज उपकेंद्राची उंच भिंत येणार होती.

हरकती ऐकायला सरकारी साहेब वस्तीच्या समाजमंदिरात आले. सालस माणूस. आवाज होणार नाही, तब्येतीला धोका नाही, असं त्यांनी प्रत्येकाला न कंटाळता सांगितलं. मावशीचं ऐकून मात्र ते घुटमळले.

"उजेड जातो, हे नियमात बसत नाही हो. आजारी माणसाच्या घरापासून भिंत लांब घेता येते. डोकेदुखी आहे म्हणा, मी लिहून घेतो."

"म्हण की गं," शेजारी बसलेली जाऊ म्हणाली. "संसार केलेल्या बाईचं डोकं दुखतंच."

सगळे हसले, मावशीही हसली. साहेब पेन उघडून थांबले. तिने त्या पेनाकडे पाहिलं. मग उठली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि डोकेदुखी न नोंदवताच बाहेर पडली.