सायबाच्या इगर्जीत घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांची वाचा गेली तेव्हा मला कळलं, की घरात एका माणसाच्या आवाजाने किती जागा व्यापलेली असते. हे पूर्णगडचे तांडेल. होडीवर हुकूम सोडायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी पलीकडच्या आळीला ऐकू जायचं. अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजायचं सगळं, ओठही हलायचे, शब्द मात्र फुटत नसे. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. मी धीर धरला आणि शिवाय एकही देव सोडला नाही. ग्रामदेवीची ओटी भरली, हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन आले, कुणी सांगितलं म्हणून शनिवारही धरले. काही झालं नाही, तेव्हा मला देवांचाच राग आला. सांजेला दिवा लावायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. म्हटलं, घरात एक मुका आहेच, मीही दुसरी.

आमच्या देव्हाऱ्याशेजारी गोव्याच्या सायबाची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती संताची, तसबीर आहे. सासऱ्यांची होडी एकदा तुफानात भरकटली आणि मांडवीच्या मुखाशी सुखरूप लागली, तेव्हापासूनची. पुढे हेही मासेमारीला त्या बाजूला गेले, की जुन्या गोव्यात सायबाला मेणबत्ती लावून येत. एका सकाळी हे त्या तसबिरीकडे बोट दाखवून बसले. मी काणाडोळा केला तर पदर ओढला. आपल्या देवांनी ऐकलं नाही, तो परका सायब काय ऐकणार, आणि त्याला आमची भाषा तरी कळेल का, असं माझ्या मनात आलं. पण झटक्यानंतर ह्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पिशवीत नारळ, उदबत्ती, हळदकुंकू घातलं आणि आम्ही दोघं रेल्वेने करमळीला उतरलो.

जुन्या गोव्यात एके काळी मोठं शहर होतं, फिरंग्यांची राजधानी. आता घरं गेली, बाजार गेला, उरल्या त्या इगर्ज्या, म्हणजे चर्चं, आणि मधली हिरवळ. जागोजागी संरक्षित स्मारकाच्या पाट्या: हात लावू नका, शांतता राखा. मी बुजलेच. पण सायबाच्या इगर्जीपुढे उभी राहिले आणि बघतच राहिले. ना गिलावा, ना रंग, नुसता उघडा चिरा! आमच्या घराच्या जोत्याला, विहिरीला, गडाच्या तटाला असतो तोच तांबडा जांभा, पावसाने तसाच खडबडीत झालेला. एवढ्या मोठ्या सायबाचं घर आमच्याच दगडाचं निघालं. माझा अर्धा संकोच तिथेच गेला.

आपल्याला जिथे पीडा असेल तो अवयव मेणाचा घेऊन सायबाला वाहायचा, अशी तिथली रीत आहे. बाहेर एक बाई मेणाचे हात, पाय, बाहुल्या मांडून बसली होती. मी तिला विचारलं, जीभ आहे का? ती म्हणाली, "जीब ना गो बाये. तकली व्हर, जीब तातूंत आयलीच." म्हणजे डोकंच घेऊन जा, जीभ त्यात आलीच. ते मेणाचं डोकं छातीशी धरून हे चालायला लागले, आणि मला खुदकन हसू फुटलं. मग हेही हसले. आम्ही दोघं एकत्र हसल्याला बरेच महिने झाले होते.

दाराशी रखवालदाराने अडवलं. पन्नाशीचा माणूस, बोलण्यावरून सावंतवाडीकडचा. "मावशे, नारळ नि उदबत्ती भायरच ठेवा. हंय धूर चलाचो नाय, जुना काम आसा." मेणाचं डोकं आणि सोबत घेतलेली मेणबत्तीही बाहेरच वाहायची होती. तिथे दोन्ही वाहिली, पिशवी दाराशी ठेवली, आणि आत गेलो तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं.

समोर सोनेरी नक्षीची वेदी, एका बाजूला उंचावर चांदीची पेटी, तिच्यात सायबाचा जपून ठेवलेला देह. बाकांवर थोडी माणसं डोळे मिटून बसलेली. मी हात जोडले, पण बोलू काय? त्यांची प्रार्थना येत नव्हती आणि आमचा नारळ बाहेर राहिला होता. उरलं होतं ते फक्त गाऱ्हाणं. आमच्या कोकणात एकाने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. गावात गाऱ्हाणं मानकरी घालत, पण "व्हय म्हाराजा"त सगळ्यांच्या वर आवाज असायचा तो ह्यांचा. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी पुटपुटत सुरुवात केली. पण गाऱ्हाणं काही पुटपुटायची गोष्ट नव्हे. माझा आवाज आपोआप चढत गेला.

"हे गोव्याच्या सायबा, म्हाराजा! तुजी लेकरं पूर्णगडासनं तुज्या पायाशी आल्यात. काय चुकलंमाकलं आसंल ता पोटात घाल रे म्हाराजा!"

बाकांवरची डोकी वळली. रखवालदार ओठांवर बोट ठेवून लगबगीने माझ्याकडे येत होता. आणि मला गप्प करायला आलेल्या त्याच माणसाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा." त्याचा तोच दचकला. मला मात्र धीर आला.

"ह्येंची वाचा परत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज रखवालदाराचा नव्हता. जाड, अडखळता, पण छपरापर्यंत गेलेला तो आवाज माझ्या शेजारून आला होता. मी वळून पाहिलं. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं, डोळे वाहत होते. मग मीही रडले, हसले, त्या थंड फरशीवर बसकण मारली. रखवालदाराने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता तरी हळू, मावशे."

डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द कधीकधी असे आधी परत येतात. येत असतील. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की हात भरलेले होते तोवर मी देवाशी सौदा करत होते, आणि ते रिकामे झाले तेव्हा नुसती हाक निघाली. होकार कुणाच्या तोंडून यायचा, ते मी ठरवलं नव्हतं. घरी येऊन तो नारळ ग्रामदेवीपुढे फोडला आणि आमचा अबोला संपला.

पुढे कितीतरी दिवस ह्यांच्याकडे ते दोनच शब्द होते. चहा टाकू? व्हय म्हाराजा. बाजारात जाऊन येऊ? व्हय म्हाराजा. नवीन लुगडं घेऊ? व्हय म्हाराजा! लग्न झाल्यापासून माझ्या एकाही म्हणण्याला सरळ हो न म्हणणारा हा माणूस. शेजारणी म्हणायच्या, सायब तुला भलताच पावला गो. मी हसायची, पण रोज वाट पाहायची. परवा जेवताना मी विचारलं, कालवणात मीठ बरोबर झालंय ना?

हे थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "नाय!"

मी उठले आणि देव्हाऱ्यात साखर ठेवली. सायबाच्या तसबिरीपुढेही ठेवली.