पंचवीस कोटी वर्षांचा मुद्देमाल

तो प्रसंग आठवला की आजही माझे कान गरम होतात. मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. दसऱ्याला शस्त्रपूजा आटोपत होतो, तेवढ्यात एका घरमालकाचा फोन आला.

"साहेब, वरची पोट्टी दिवसभर काहीतरी कुटून राहिली. बाटल्याच बाटल्या! चरस-बिरस असन."

कपाळावरच्या टिळ्यासकट आम्ही धडकलो. भाडेकरू भूगर्भशास्त्राची संशोधक निघाली. टेबलावर करड्या पुडीच्या चाळीस बाटल्या.

"माल कुठला?"

"कोरब्याच्या कोळसा खाणीजवळचा."

"किती जुना?"

"पंचवीस कोटी वर्षं."

हवालदाराचं पेन थांबलं. "साहेब, तारखेच्या रकान्यात काय लिहू?"

दगड कुटून आम्लात विरघळवला की त्यात अडकलेले पराग आणि बीजाणू उरतात, त्यांवरून दगडाचं वय कळतं, तिथे दलदल होती की जंगल तेही कळतं, असं ती सांगू लागली. "चार वर्षांची मेहनत आहे, साहेब. न्यायच्या तर न्या, बस, उघडू नका. आजचे पराग आत गेले तर सगळं वाया."

उघडू नका म्हटलेली वस्तू पोलीस आधी उघडतो. तिची पाठ वळताच मी एक बाटली उघडून हुंगली. मातीचा वास. झाकण लावलं आणि पंचनाम्यात लिहिलं, 'सर्व बाटल्या न उघडता मोहोरबंद केल्या.'

तपासणीचा अहवाल आला: दगडाची पूड. बाटल्या परत केल्या. महिन्याभराने ती फोटो घेऊन ठाण्यात आली. फोटोत एक काटेरी गोळा.

"हा झेंडूचा पराग आहे, साहेब. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जगात फूलच नव्हतं."

"हवेतून आला असेल."

"झेंडूचा पराग चिकट असते. बोटाले लागून येते."

त्या दसऱ्याला गोल बाजारातून आणलेल्या झेंडूच्या माळा बंदुकांना मीच घातल्या होत्या.

"परीक्षक म्हणतीन, माह्यं कामच कच्चं. बाटली तुमच्याकडे उघडली, एवढं मले लिहून द्या."

लिहून देणं म्हणजे माझाच पंचनामा खोटा ठरवणं. जप्त माल ठेवतो त्या मालखान्यात काहीही बिघडलं की ते उंदरांच्या नावावर जातं. हवालदार जवळ येऊन म्हणाला, "साहेब, उंदराने उघडली लिहू?"

"झेंडूची माळ घालून?" ती म्हणाली.

तिचे डोळे मात्र भरून आले होते. मला स्वतःची लाज वाटली. कागद ओढला आणि माझ्याच हाताने माझा जबाब लिहिला: कोणी उघडली, कधी, कशासाठी.

तिला पदवी मिळाली. माझी खातेनिहाय चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली. आयुष्यभर मी समोरच्याला सांगत आलो, 'खरं बोल, सुटशील.' एकदा स्वतः खरं बोललो, तेव्हा सुटली ती.