अनसूया मावशींचा राब

आमच्या दुकानात रिकामी पोती साठतात, तसे माझ्याकडे कलाकारांचे किस्से साठलेत. टाकून देववत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! मळवलीत अब्बांचं किराणा दुकान. गावातलं प्रत्येक घर ओळखीचं, म्हणून शेजारच्या बंगल्यात कलाकेंद्र निघालं तेव्हा मला 'कम्युनिटी कोऑर्डिनेटर' नेमलं. काम एवढंच, की कलाकारांना गाव दाखवायचं आणि गावाला कलाकार समजावून सांगायचे. तीन वर्षं झाली, दुसरं काम अजून जमलेलं नाही.

केंद्राच्या कुंपणाला लागूनच अनसूया मावशींचं भाताचं खाचर. एकच तुकडा, घरातला वर्षाचा तांदूळ त्यातूनच येतो. त्यामुळे आमच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मावशी हव्याच!

* * *

पहिलंच वर्कशॉप. मुंबईहून एक कलाकार बाई आल्या होत्या, विषय 'मातीशी नातं'. गावातल्या सात बायकांना चपला काढायला लावल्या, डोळे मिटायला लावले आणि पायाखालची माती अनुभवा म्हणाल्या. कुठे? व्हरांड्यातल्या गुळगुळीत फरशीवर! बाहेर लॉन होतं, पण लॉनवर पाय द्यायचा नाही हा आमच्या सरांचा नियम. सर म्हणजे केंद्राचे डायरेक्टर.

मावशींनी एक डोळा उघडला. म्हणाल्या, "बाई, माती अनुभवायची तर आमाला घरी सोडा."

* * *

दुसऱ्या एका कलाकाराने आबांच्या भिंतीवर चित्र काढलं. आबा म्हणजे मावशींचे दीर. चित्रात नांगर आणि दोन पांढरेशुभ्र बैल. आबांकडे बैल नाहीत. नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि मुलगा तळेगावला कंपनीत शिफ्टला जातो. आबांनी सुचवलं, बैलांऐवजी कंपनीची बस काढा की. तर म्हणे बस 'ऑथेंटिक' वाटणार नाही! स्वतः एसी लावून गाडीतून आला होता.

आता रविवारी टुरिस्ट त्या भिंतीपुढे फोटो काढतात. परवा एकाने ओट्यावर बसलेल्या आबांनाच फ्रेमबाहेर सरकायला सांगितलं. स्वतःच्या ओट्यावरून सरकले हो आबा! मी तिथे असते तर मोबाईलच हिसकावला असता.

* * *

पुण्यात प्रदर्शन होतं. मावशींचं इरलं, म्हणजे पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं बांबूचं छप्पर, भिंतीवर टांगलेलं. त्याची एक कामटी सुटली होती. मावशी बांधायला पुढे झाल्या, तर सिक्युरिटीवाला धावला. मी सांगितलं, अहो इरलं यांचंच आहे. मग कलाकार स्वतः आला आणि समजावू लागला, की सुटलेली कामटी हीच खरी कलाकृती, तिच्यातून ऱ्हास दिसतो.

मावशी मला हळूच म्हणाल्या, "याला कुनी बांधायला शिकवलं न्हाई वाटतं."

* * *

माहितीपुस्तिका छापून आली. कलाकारांची नावं, स्पॉन्सरचं नाव, फोटोग्राफरचं नाव. आभारांच्या यादीत बंगल्यातल्या कुत्र्याचंसुद्धा नाव, मोका! आणि मावशी व बाकीच्या सहा जणी? 'स्थानिक महिला'. मी सरांशी भांडले. ते म्हणाले, एवढी नावं बसत नाहीत. सात नावं! कुत्रा मात्र बसला. मोकावर माझा राग नाही, तो बिचारा रोज मावशींच्याच हातची भाकरी खातो.

* * *

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे राब भाजतात. वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवायचं. तण मरतं आणि राखेत टाकलेलं बी जोमानं येतं. मावशींनी राब रचून ठेवला होता. नव्या कलाकाराने कुंपणावरून तो पाहिला आणि जाहीर केलं, की हे इन्स्टॉलेशन आहे, याला कुणी हात लावायचा नाही. रविवारी उद्घाटन ठरलं. राबाभोवती दोरी बांधली, फलक लावला. फलकावर नाव कलाकाराचं!

मावशींना थांबवायला मलाच पाठवलं, आणि मी गेले. याची अजून लाज वाटते. मावशी म्हणाल्या, थांबते चार दिवस, पण राब भिजला तर पेटत नाही आणि रोप गेलं तर वर्ष गेलं. शनिवारी लोहगडाच्या अंगाला आभाळ भरून आलं. मी सरांना तीन फोन केले. तिसऱ्यांदा चिडून म्हणाले, पाहुण्यांना कळवून झालंय, सोमवारी बघू.

रविवारी सकाळी मावशींनी दोरी सोडली, नीट गुंडाळून बांधावर ठेवली आणि राब पेटवला.

संध्याकाळी पाहुणे आले, तर समोर काळी राख. कलाकार रडकुंडीला आलेला. पण आमचे सर कसले हुशार! माइक घेऊन म्हणाले, हा परफॉर्मन्स होता, स्वतःला मिटवून टाकणारी कलाकृती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बुटांसकट राखेत शिरून फोटो काढू लागले. सरांनी माइक माझ्या हातात दिला आणि मावशींचे दोन शब्द घ्यायला सांगितलं.

मावशी बांधावर उभ्या होत्या, बियाण्याची टोपली कमरेवर घेऊन. मी माइक पुढे धरला.

"टाळ्या वाजवून झाल्या आसतील तर वाफ्यातनं भाईर व्हा," त्या म्हणाल्या. "बी टाकायचंय."