धरू नका, ढकला

"धरू नका गं तिला, नुसतं ढकला! नायतर घरी जाऊन डोक्यावरनं आंघोळ करावी लागंल!"

कबड्डीची फायनल. समोरच्या टीमच्या कॅप्टनचा भाऊ ओरडला. आख्खं मैदान हसलं. पंच पण हसला. आमी बौद्धवस्तीतल्या सात पोरी, रेषेच्या अलीकडं उभ्या. राग आला का? न्हाई. खरं सांगते, काहीच आलं न्हाई. कान बधिर. दुसऱ्याच कुणाला तरी बोलले असं वाटलं.

मळवलीपासनं आत आमचं गाव. जिंकंल ती टीम तालुक्याला जाणार. बास, एवढंच पायजे होतं आमाला. समोर आमच्याच गावातल्या मोठ्या घरच्या पोरी. लोणावळ्यात मॅटवर शिकतात, पायात बूट, गुडघ्याला पॅड, अंगानं भरलेल्या. आमाला शाळेचं मैदान पण देत न्हाईत. म्हणून भात कापल्यावर खाचरात खेळलो. धसकटं टोचायची, रक्त यायचं. शिकवायला सुजाता मावशी. लग्नाआधी ती खेळायची, आता बंगल्यावर झाडलोट करते.

पहिल्या हाफला धुतलंच आमाला. मी चढाईला गेले की त्या खरंच धरायच्या न्हाईत. दोन्ही तळवे पुढं, दाणकन धक्का, मी बाजूच्या रेषेबाहेर. बाद. परत हसू.

हाफटाइमला आमच्यातली सोनी रडायला लागली. मी नुसती समोरच्या पोरींच्या हातांकडं बघत बसले. दुसरं काही सुचतच नव्हतं. मग तोंडातनं निघालं, "मावशी, त्या ढकलतात म्हणजे हात लावतातच की. मी परत आले तर त्या बाद."

"मग कडंला कशाला मरती? मधी उभी ऱ्हा. पाठ आपल्या रेषेकडं. ढकलू दे रांडंच्यांना."

सोनी रडता रडता हसली.

गेले. कबड्डी कबड्डी कबड्डी. मधोमध. दोघींनी जोरात ढकललं. मी पाठीवर आपटले, सरपटले, हात आमच्या बाजूला. दोघी बाद! त्यांना कळेचना. परत गेले, परत ढकललं. सोनी गेली, तिला पण.

"अगं धरा ना! धरा तिला!" कॅप्टन किंचाळली.

पोरींचे हात पुढं यायचे आन मधीच थांबायचे. मी बघितलं ते. अगदी जवळनं. थांबायचे तेवढ्यात मी परत.

शेवटच्या चढाईला कॅप्टननंच कमरेला मिठी मारली. लय ताकद पोरीला. तिचा घाम माझ्या मानेवर. मी बोटं मातीत रोवली आन ओढत गेले. दोन नखं तुटली. रेष बोटाला लागली.

जिंकलो. सोनी नाचत होती. मला काहीच वाटलं न्हाई. दुखत पण नव्हतं.

सामने भरवणाऱ्या मंडळाच्या आबांनी मंडपात बोलवलं. "झ्याक खेळलात पोरींनो. पण तालुक्याला ताकद पायजे. तुमच्यातल्या तिघी ठिवू, चार ह्या समोरच्या टीममधल्या घिऊ. नाव गावाचंच हाय ना शेवटी?"

मी मावशीकडं बघितलं. ती खाली बघत होती. ती झाडते तो बंगला आबांच्या जावयाचा.

"न्हाई आबा."

"काय न्हाई?"

"आमी सात जणी जिंकलो. आमी सात जणीच जाणार."

"शिंगं फुटली का गं?"

मी जागची हलले न्हाई. मावशीनं मान वर केली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचं काम जाईल, तिला माहितीय. मला पण.

तालुक्याला हरू कदाचित. पण हरायचं तर आमीच हरणार. आमच्या जागी दुसरं कुणी उभं राहणार न्हाई.