पंप मीच उघडला

हिंगणीच्या पुढच्या एका गावात मी आरोग्यसेविका आहे. राहते सेलूला. पूर्वी स्कूटीने जायची. एकदा शेळी आडवी आली, मी पडले आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातातला जोर परत आला नाही. म्हणून आम्ही एक जुनी चारचाकी घेतली आणि ती चालवायला मी शिकले. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत. त्यांनीही एकदा शिकायचा प्रयत्न केला, शेजाऱ्यांचं कुंपण पाडलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन मोकळे झाले.

त्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग एका बोटाने वळायचं. माझ्या मनगटासाठी तेवढं पुरे होतं. गेल्या हिवाळ्यात मात्र वळणावर बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला आणि गाडी उभी राहील तिथे तेलाचा डाग पडू लागला. मी तेल टाकायची आणि निघायची. एके दिवशी दुपारी गावातल्या एका बाईच्या कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. मी तिला आणि तिच्या सासूला मागच्या सीटवर बसवून निघाले. हिंगणीजवळच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. खांदा लावून, दात आवळून मी ते वळवलं. सेलूच्या दवाखान्यात पोचलो, आणि थोड्या वेळात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सिस्टरबाई, तुमचा हात तं पाहा!" मनगट सुजून टम्म झालं होतं.

वर्ध्याच्या गॅरेजवाल्याने गाडी पाहिली. "पंप गेला बाई. या मॉडेलचा नवा भेटत नाई आता. इकून टाका."

"आतलं काय खराब झालं?"

"सील गेलं असन. पण ते खोलत कोणी बसत नाई."

त्याने हे सहज म्हटलं, पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. सील म्हणजे एक रबरी कडं. एका रबरी कड्यासाठी चांगली गाडी विकायची? घरी येऊन मी यजमानांना सांगितलं की पंप मी खोलणार.

"तू खोलशीन?" त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुले जमन का?"

"काऊन नाई जमन? टाके घालते, सलाइन लावते. हे तं लोखंड आहे, रडतही नाई."

फोनवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले. सील आणि रबरी रिंगांचं किट नागपूरहून मागवलं. आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. काकांनी सगळी उमर जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून काढली. आता त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे पाना धरत नाहीत, पण हत्यारांची पेटी अजून तेल लावून ठेवलेली. मी "जयभीम काका" म्हणून ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. ते लगेच चपला शोधू लागले.

"मी हात लावनार नाई," ते म्हणाले. "बसून पाहीन. तूच करजो."

रविवारी सकाळी काम सुरू झालं. पट्टा काढला, दोन्ही पाइप सोडवले, बोल्ट काढून पंप बाहेर घेतला. नारळाएवढा गोळा, काळा आणि चिकट. पट्ट्याची पुढची चाकी निघता निघेना. काकांच्या पेटीतलं, चाकी ओढून काढायचं तीन नख्यांचं पुलर लावलं आणि उजव्या हाताने फिरवत राहिले, तेव्हा ती कट्कन सुटली. छपरीत मी धुतलेली सुती साडी अंथरली. मागचं झाकण एका तारेच्या रिंगने अडकवलेलं होतं. बाजूच्या बारीक भोकातून खिळा घालून ती रिंग उचकटली, तसं आतल्या स्प्रिंगने झाकण वर आलं. मधे खाचा असलेला रोटर, त्याच्याभोवती लांबट गोल पोटाचं कडं, आणि प्रत्येक खाचेत नखाएवढं पोलादी पातं. रोटर फिरला की ही पाती बाहेर सरकतात, कड्याला घासतात आणि तेल पुढे ढकलतात. उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं. मनात म्हटलं, एवढंच आहे तर!

मी गॅसवर पातेलं ठेवायला उठले.

"कायले?" काकांनी विचारलं.

"पाणी उकळते. धुवाले."

"पान्यानं नाई बापा! जंग चढन. डिझेलनं धुजो. लोखंड हाय ते, लेकरू नाई."

यजमान मोठ्याने हसले. मीही हसले आणि डिझेल आणलं.

बाळंतपणाच्या टेबलाजवळ आम्ही कापसाचा बोळासुद्धा मोजतो, आधी आणि नंतर. त्याच सवयीने मी पाती मोजली. खाचा दहा आणि पाती नऊ. साडी झटकली, डिझेलचं भांडं चाळणीतून ओतलं. शेवटी दहावं पातं झाकणाच्या आतल्या बाजूला, काळ्या तेलात चिकटलेलं सापडलं. जुनं सील कडक होऊन चिरलं होतं. ते काढलं, नवं सील तेल लावून बसवलं, बोल्ट खोलायच्या पान्याची मापाची गोटी वर ठेवून हलक्या हाताने ठोकलं. सगळं जुळवून संध्याकाळच्या आत पंप गाडीत चढवला.

गाडी सुरू केली आणि पंप असा विव्हळला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. स्टिअरिंग पहिल्यासारखंच जड.

"आता?" यजमानांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

"आता परत खोलायचं," मी म्हटलं. काहीतरी माझ्या हातून चुकलं होतं, आणि जे आपल्या हातून चुकतं ते आपल्या हातानेच सापडतं, याबद्दल मला शंका नव्हती.

पुढच्या रविवारी पंप पुन्हा साडीवर आला. या वेळी अर्ध्या वेळात. काका म्हणाले, "पात्याची घासलेली कड कोनती हाय, पाह्य बरं."

मी एकेक पातं उन्हात धरलं. एक कड सपाट आणि मळकी, दुसरी गोलसर आणि आरशासारखी चकचकीत. चकचकीत म्हणजे जी वर्षानुवर्षं कड्याला घासली ती. ती बाहेरच हवी. मी दहातली चार पाती उलटी घातली होती. दहा मोजली होती, पण तोंड कुठे आहे ते पाहिलंच नव्हतं.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"दिसलं."

"मंग झालं."

पाती नीट बसवली, पंप चढवला, नवं तेल भरलं. आता आतली हवा काढायची होती. जॅकवर पुढची चाकं उचलली. कोणीतरी आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला हवं होतं.

"गाडी बंदच राहीन ना?" यजमानांनी खात्री करून घेतली आणि ते बसले. ते फिरवत होते, मी तेलाच्या डब्यात बघत होते. बुडबुडे येत राहिले, तेल खाली जात राहिलं, मी भरत राहिले. बुडबुडे थांबले तशी जॅक उतरवला, यजमानांना उठवून मी बसले आणि गाडी सुरू केली. पंप आधी थोडा घुरघुरला, मग गप्प झाला. मी डाव्या हाताचं एकच बोट स्टिअरिंगवर ठेवलं आणि ओढलं. चाकं वळली.

काकांना मी समोर बसवलं, यजमान मागे, आणि केळझरपर्यंत जाऊन आलो. काका सगळ्या वाटेने बॉनेटकडे कान लावून होते. तिथल्या टेकडीवरच्या देवळाखाली गर्दीत गाडी उलटी घेऊन दोन ट्रॅक्टरच्या मधे लावली, एकदाही हिसका न देता. काका उतरून चहाच्या टपरीवर गेले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "ह्या बाईनं घरी पंप खोलला. सोता." तीन वेळा सांगितलं. मी दोन वेळा ऐकून घेतलं आणि तिसऱ्या वेळी चहा सांगितला.

आठवडाभर मी रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायची आणि सकाळी चहाच्या आधी पाहायची. चौथ्या दिवशी एक थेंब दिसला. बोट लावत वर गेले तर सील कोरडं होतं. तेल पाइपच्या जोडातून येत होतं. तांब्याचा वायसर बदलला, बोल्ट नीट आवळला आणि कामावर गेले. वाटेत हिंगणीजवळच्या त्याच वळणावर गाडी वळवताना मी बाजूच्या शेतातल्या बाईला हात केला, तोही उजवा; स्टिअरिंगवर डावा एकटाच होता.