बेकरीत न थांबलेली बाई

आमच्या गावात माणसाला माती देऊन कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, म्हणजे मागं लागलेला जीव तिथंच वाट चुकतो. याला आम्ही पगपग म्हणतो. दफनभूमीचा उतार संपला की नाक्यावर तास्योची बेकरी आहे. अख्ख्या गावानं आपापले मेलेले तिथंच झटकलेत. माझा नवरा बेरोय गेला तेव्हा मीही तिथं दोन पाव खाल्ले, पदर झटकावा तसा झगा झटकला आणि मग घरी गेले. रीत ती रीत. त्यानंतर माझ्या घरात भांडंसुद्धा आपणहून वाजलं नाही.

नांग तितय मात्र थांबली नव्हती.

तितय आमच्या चर्चची ऑर्गनवाली, वयानं मोठी म्हणून नांग, म्हणजे ताई. ऑर्गन स्पॅनिश पाद्र्यांच्या काळातला, नळ्यांत वटवाघळं राहायची, पण तिचा हात पडला की तो थेरडा गुणी पोरासारखा ऐकायचा. त्याला वारा लागतो. मागच्या अंधाऱ्या कोनाड्यात भाता आहे आणि तो हलवायला लांब लाकडी दांडा. लग्न झाल्यापासून तो दांडा तिचा नवरा इसलाव ओढायचा. बाजूला दोरीला शिशाचा गोळा टांगलेला. भाता भरला की गोळा वर चढतो, वारा संपला की खाली येतो. लग्नाबिग्नाला इसलावला चेव यायचा, वारा जास्त व्हायचा. मग तितय वाजवता वाजवता दोनदा टाच आपटायची. म्हणजे, हळू. त्यांच्या संसारातलं भांडण काय ते एवढंच.

मी तिची शेजारीण, गायनमंडळात खालच्या सुरात गाणारी. तिची पोरं सूर शिकत शिकतच दात पाडून मोठी झाली. शनिवारी ती तापकऱ्या पोरांसाठी पेज शिजवायची, तुरुंगात जाऊन कैद्यांना गाणी शिकवायची, आणि कुणीही मेलं तरी एक पेसो न घेता वाजवायची. मी म्हणायचे, "नांग, स्वर्गात तुला खुर्ची नाही मिळायची. तिथंही चुलीपुढंच बसवतील."

"नारिंग, तू तुझा खालचा सूर सांभाळ," ती म्हणायची. "स्वर्गाचं मी बघते."

मग एका पहाटे इसलाव छातीत कळ येऊन गेला. माती देऊन आम्ही सगळे बेकरीत शिरलो आणि तितय दारावरून पुढं निघाली. मी ओरडले, "नांग, अगं थांब की! मागं येईल तो!"

"येऊ दे," ती म्हणाली.

आणि काळ्या कपड्यांत सरळ चर्चकडे गेली. मधूनच पावलं हळू करत होती, मागच्या माणसाला गाठता यावं म्हणून करतो तशी. तास्योच्या हातातला पाव हातातच राहिला.

रविवारी चर्चचा सेवक पेर्तो दांडा ओढायला वर ऑर्गनच्या सज्जात आला. तितयनं त्याला खाली पाठवलं. "माणूस आहे माझ्याकडे," म्हणाली. आम्हाला वाटलं, ठेवलं असेल कुणाला. प्रार्थना रंगात आली, वारा वाढला आणि तितयनं दोनदा टाच आपटली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी वाकून मागं पाहिलं. दांडा वरखाली होत होता. त्याला कुणीही धरलेलं नव्हतं. इसलावच्या स्वस्त तंबाखूचा वास तेवढा येत होता.

नंतर तितयनं मलाच फैलावर घेतलं. "सूर का सोडलास?"

"नांग, अगं तिथं..."

"तिथं कोण आहे ते मला ठाऊक आहे. तुझा सूर कुठं गेला ते सांग."

मी कुणाला बोलले नाही. पुढं कित्येक वर्षं त्या दोघांबरोबर गायले. भीतीचीही सवय होते.

यंदा तितय खुर्चीत बसल्या बसल्या गेली. तिची धाकटी लेक लिंडा दुबईहून यायची होती, म्हणून शवपेटी घरातच ठेवली होती. एका सकाळी पेर्तो पांढराफटक होऊन माझ्या दारात आला.

"नांग नारिंग, वरचा गोळा चढलाय."

"उंदीर असेल."

"उंदीर भाता भरतो होय? मी वारा सोडून देतो अन् जिना उतरेस्तोवर पुन्हा भरलेला! रोजचं झालंय हे."

इसलाव वाट बघत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तितयला आम्ही रीतसर पुरणार, बेकरीत झटकणार, आणि तो त्या कोनाड्यात भाता भरून ताटकळत राहणार, कायमचा.

लिंडा आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, आईला त्याच्यापर्यंत नेऊन सोडायला हवं हेही. ती पोटुशी होती. पोटावर हात ठेवून रडायला लागली. "मावशी, मी न थांबता कशी जाऊ? पोटातल्याला काही झालं तर?"

"तू पाव खा मुकाट्यानं," मी म्हटलं. "माझं घर रिकामं आहे. मला कसली भीती?"

भीती होती. माती दिली, सगळे बेकरीकडे वळले. तास्यो ओरडला, "नारिंग, पाव गार होतोय!" मी पुढं चालत राहिले. मानेवर गार लागत होतं. मागं बघितलं नाही, फक्त तिच्यासारखी पावलं हळू केली. चर्चच्या दगडी जिन्यावर माझ्या चपलांमागून टाचा वाजल्या.

वर गोळा चढलेलाच होता. "इसलाव," मी म्हटलं, "आणलीय तिला. आता सुटलास."

ऑर्गनपुढचं बाकडं करकरलं. एकही नळी बोलली नाही. पण गोळा सावकाश खाली येऊ लागला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, ती वाजवायची तेव्हा व्हायचा तसाच. मग बाकड्याखाली टाच वाजली, दोनदा. मला रडू फुटलं. रडत रडतच मी संध्याकाळच्या गाण्यातला माझा खालचा सूर लावला. वरचा मला ऐकू येत नव्हता, तरी शेवटपर्यंत गायले. थांबले तेव्हा गोळा तळाला होता. दांडा हलला नाही. तंबाखूचा वासही गेला होता.

खाली उतरून नाक्यावर परत आले तर तास्यो बेकरीच्या फळ्या लावत होता. "आता झटकायला आलीस होय?" तो म्हणाला. "वेळ गेली की."

"झटकायला नाही रे. बेरोयला मी इथंच सोडलं होतं. अजून असला तर न्यायला आलेय."

तास्यो एरवी हसला असता. त्यानं दोन पाव बांधून माझ्या हातात दिले. मी ते घेतले आणि वाटेत कुठंही न थांबता, पावलं जरा हळू टाकत, सरळ घरी निघाले.